टीबी लॅबमधला खोटा पॉझिटिव्ह : क्रॉस-कंटॅमिनेशन कसं पकडायचं

मिजिटची (क्षयाचे जंतू वाढवायच्या द्रव कल्चरची) नळी पॉझिटिव्ह झाली, झेडएन स्मिअरमध्ये (रंगवलेल्या काचपट्टीवर) कॉर्ड, म्हणजे दोरीसारखे गुंफलेले जंतू, दिसले, ब्लड अगार (इतर जंतू वाढतात का ते पाहायचं माध्यम) साफ राहिला आणि एमपीटी६४ची (क्षयाच्या जंतूंचं प्रथिन ओळखणारी) पट्टीही उमटली. नळीत क्षयाचे जंतू आहेत एवढं यातून कळतं. पण लेबलवर ज्याचं नाव आहे त्याच माणसाच्या बेडक्यातून ते आले का, हे यातली एकही चाचणी सांगत नाही. ते शोधायचं तर नळीचा शेजार पाहावा लागतो. त्या दिवशीची बॅच, बॅचमधला क्रम, नमुने उघडायच्या त्याच सुरक्षा कॅबिनेटमध्ये आधी कुठलं काम झालं, कोणती बाटली कितव्या नळीपर्यंत वापरली, हे सगळं त्यात आलं.

लॅबच्या दृष्टीने तो एक चुकलेला रिपोर्ट असतो. रुग्णाच्या बाबतीत त्याचा अर्थ किमान सहा महिन्यांची औषधं. शेजारची नळी एमडीआर (मुख्य औषधांना दाद न देणारा टीबी असलेल्या) रुग्णाची असेल, तर टीबी नसलेल्या माणसाला बेडाक्विलिन आणि लिनेझोलिड सुरू होतं. मग हृदयाची लय, रक्तातल्या पेशी, हातापायांच्या नसा, सगळ्यावर लक्ष ठेवत बसावं लागतं. शिवाय खोकल्याचं खरं कारण, ते फुप्फुसाचा कॅन्सर असो वा बुरशी, तोवर तसंच राहतं. खोट्या पॉझिटिव्ह कल्चरवरच्या अभ्यासांचा एक आढावा २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात अशा कल्चरचं मध्यक प्रमाण ३.१ टक्के होतं. त्यामुळे ‘आमच्याकडे असं कधीच झालं नाही’ असं सांगणारी लॅब बहुधा शोधत नसते.

आधी दोन प्रकार वेगळे करा

लॅबमध्ये ‘कंटॅमिनेशन’ हा एकच शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो.

पहिला प्रकार म्हणजे इतर जंतू किंवा बुरशी वाढणं. हा डोळ्यांना दिसतो. नळी पहिल्या दोन-तीन दिवसांतच पॉझिटिव्ह होते आणि सबंध गढूळ दिसते. क्षयाचे जंतू सहसा तळाशी कणांसारखे किंवा पापुद्र्यांसारखे वाढतात, वरचं द्रव बरंचसं स्वच्छ असतं. ब्लड अगारवर एक थेंब टाकून ३५ ते ३७ अंशांवर ४८ तास ठेवला की प्रश्न मिटतो. याचा मासिक दर मिजिटसाठी साधारण ८ टक्क्यांच्या आत आणि एलजेसाठी (घट्ट माध्यमासाठी) ५ टक्क्यांच्या आत असावा. दर वाढला तर आधी डीकंटॅमिनेशनच्या, म्हणजे बेडक्यातले इतर जंतू मारायच्या, सोडियम हायड्रॉक्साइडचा हिशोब तपासा. ४ टक्के सोडियम हायड्रॉक्साइड आणि २.९ टक्के सोडियम सायट्रेट समसमान घेतलं की ते २ टक्के होतं. त्यात तेवढाच बेडका मिसळला की अंतिम प्रमाण १ टक्का. एनएएलसी (बेडका पातळ करणारा पदार्थ) घातलेलं द्रावण २४ तासांनंतर निकामी होतं. विरघळवलेला पँटा (मिजिटमध्ये घालायचं प्रतिजैविकांचं मिश्रण) फ्रिजमध्येही पाच दिवसांपुढे ठेवू नये. हा दर केंद्रनिहायही काढा. एकाच टीयूकडून (क्षयरोग युनिटकडून) येणाऱ्या नमुन्यांचा दर वाढलेला असेल, तर दोष बहुतेक वाहतुकीत असतो; एप्रिल-मे महिन्यांत शीतसाखळी तुटलेला डबा हेच त्यामागचं नेहमीचं कारण. दर १-२ टक्क्यांवर घसरला तरी समाधान मानू नका. डीकंटॅमिनेशन इतकं कडक झालंय की त्यात क्षयाचे जंतूही मरताहेत, असा त्याचा अर्थ निघतो.

दुसरा प्रकार म्हणजे एका रुग्णाचे क्षयाचे जंतू दुसऱ्याच्या नळीत जाणं. ब्लड अगार साफ, कॉर्ड सुंदर, रिपोर्ट बिनचूक दिसतो. पुढचं सगळं या दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे.

जंतू एका नळीतून दुसरीत कसे जातात

३ प्लस (सर्वांत जास्त जंतू दिसलेल्या) स्मिअरच्या बेडक्यात दर मिलिलिटरला दहा लाख किंवा त्याहून जास्त जंतू असू शकतात. म्हणजे त्याच्या एका मायक्रोलिटरमध्ये हजारभर जंतू. मिजिट पॉझिटिव्ह व्हायला दहा ते शंभर जिवंत जंतू पुरतात. डोळ्याला न दिसणारा शिंतोडासुद्धा पुरेसा आहे, तो यामुळे.

सगळ्यांत मोठी वाट म्हणजे सामायिक बाटली. ५ मिलि बेडका आणि ५ मिलि एनएएलसी-सोडियम हायड्रॉक्साइड झाल्यावर ५० मिलिच्या फाल्कन ट्यूबमध्ये ४५ मिलिच्या खुणेपर्यंत फॉस्फेट बफर ओततात, म्हणजे प्रत्येक नळीत ३५ मिलि. एकच मोठी बाटली वीस नळ्यांवर फिरली आणि सहाव्या नळीच्या काठाला तिचं तोंड टेकलं, की सातवीपासून पुढच्या नळ्यांत थोडे थोडे जंतू जाऊ शकतात. उपाय कंटाळवाणा आहे, पण त्याला पर्याय नाही. एका नमुन्याला बफरचा एक अलिकोट (वेगळा छोटा वाटा) करा, वापरून झाला की उरलेला टाकून द्या. डीकंटॅमिनेशनच्या द्रावणाचंही तसंच.

पँटाची कुपी हे दुसरं ठिकाण. ती १५ मिलि ग्रोथ सप्लिमेंटमध्ये विरघळवतात आणि प्रत्येक मिजिटमध्ये ०.८ मिलि घालतात, म्हणजे एका कुपीत १८ नळ्या होतात. हे काम नमुने उघडण्याआधी, स्वच्छ जागी उरकलं पाहिजे. नमुना टाकल्यावर पँटा घालायची सवय असेल आणि टीप पुन्हा कुपीत जात असेल, तर पुढच्या सगळ्या नळ्या धोक्यात येतात.

तिसरं म्हणजे एरोसोल, हवेत उडणारे सूक्ष्म थेंब. व्होर्टेक्स केल्या केल्या किंवा सेंट्रिफ्यूजमधून काढल्या काढल्या झाकण उघडणं टाळा; किमान पाच मिनिटं थांबा. एका वेळी एकच नळी उघडी ठेवा. रॅकमध्ये एक आड एक खाच रिकामी ठेवा. सुपरनेटंट (गाळावरचं द्रव) ओतताना नळीचा काठ टाकाऊ भांड्याला लागू देऊ नका आणि भांडं शिंतोडे न उडणारं हवं. वाढलेल्या कल्चरचं काम, म्हणजे डीएसटीचं (कोणती औषधं लागू पडतात त्या चाचणीचं) इनॉक्युलम किंवा सबकल्चर (नव्या माध्यमात पुन्हा लावणं), त्याच कॅबिनेटमध्ये ताज्या नमुन्यांच्या आधी कधीही करू नका. वाढलेल्या कल्चरमध्ये कोणत्याही बेडक्यापेक्षा कितीतरी जास्त जंतू असतात. जागा कमी असेल तर क्रम पाळा : आधी रुग्णांचे नमुने, मग पॉझिटिव्ह कंट्रोल, शेवटी कल्चर.

लेबलची अदलाबदलही याच यादीत येते, फक्त तिची खूण वेगळी असते. एका नळीचा स्मिअर ३ प्लस पण कल्चर निगेटिव्ह, आणि शेजारच्या नळीचा स्मिअर निगेटिव्ह पण कल्चर पाचव्या दिवशी पॉझिटिव्ह, अशी जोडी दिसली तर तिथे नळ्यांची किंवा लेबलांची अदलाबदल झाली आहे. मात्र ३ प्लसवाला रुग्ण औषधांवर असेल तर त्याच्या स्मिअरमध्ये मेलेले जंतूही दिसतात, हे लक्षात ठेवून मगच निष्कर्ष काढा.

बॅच शीट नसेल तर तपास होत नाही

बऱ्याच लॅबमध्ये नोंद असते ती लॅब नंबरची. कोणती नळी कितवी उघडली, याची नसते. पोस्ट उशिरा आली म्हणून लॅब नंबर २१४ हा २०९ च्या आधी प्रोसेस झाला असेल, तर नंबरच्या क्रमावरून केलेला तपास चुकीच्या शेजाऱ्यापाशी नेतो.

शीटवर हे हवंच : तारीख, कॅबिनेट, काम करणाऱ्याचं नाव, नळ्यांचा प्रत्यक्ष प्रोसेसिंगचा क्रम, बफर, एनएएलसी व पँटाचे लॉट आणि बनवल्याची तारीख, सेंट्रिफ्यूजची खेप, त्या दिवशी त्या कॅबिनेटमध्ये झालेलं इतर काम. स्मिअर थेट बेडक्यावरून केला की पेलेटवरून (सेंट्रिफ्यूजनंतर तळाशी बसलेल्या गाळावरून), हेही लिहा. पेलेटचा स्मिअर कंटॅमिनेशन झाल्यानंतर बनलेला असू शकतो, म्हणून साक्षीदार म्हणून त्याचं वजन कमी. बॅच सेंट्रिफ्यूजच्या एका खेपेत मावेल एवढीच ठेवा. उरलेला पेलेट शक्य असेल तर निकाल लागेपर्यंत फ्रीझरमध्ये राहू द्या. पुन्हा लावायची वेळ आली तर दुसरं काही हाती नसतं.

प्रत्येक बॅचमध्ये निगेटिव्ह कंट्रोल असावा. निर्जंतुक बफर घ्या आणि त्याला रुग्णाच्या नमुन्यासारखंच सगळ्या पायऱ्यांतून न्या. एक रुग्णांच्या नमुन्यांच्या शेवटी तर हवाच, शक्य असेल तर एक मध्येही. हा कंट्रोल पॉझिटिव्ह आला तर ती सबंध बॅच संशयित धरायची. तो साफ आला म्हणून मात्र बॅच निर्दोष ठरत नाही, कारण शिंतोडा एकाच नळीत पडतो आणि ती नळी कंट्रोलचीच असेल असं नाही. पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून एच३७आरव्ही (लॅबमधला प्रमाण स्ट्रेन) वापरत असाल तर त्याचं पातळ द्रावण घ्या आणि तो सगळ्यांत शेवटी उघडा. हा स्ट्रेन सगळ्या औषधांना संवेदनशील आहे. त्यामुळे त्यानेच घात केला तर नळीतले जंतू साध्या संवेदनशील टीबीसारखे दिसतात आणि कुणाला शंका येत नाही.

संशय कधी घ्यायचा

पुढच्या खुणा सुट्या सुट्या असतील तर त्यांतून काही सिद्ध होत नाही. दोन-तीन एकत्र आल्या की थांबायचं.

रुग्णाचे अनेक नमुने आले आणि एकच कल्चर पॉझिटिव्ह. स्मिअर निगेटिव्ह, नॅट (डीएनए शोधणारी चाचणी) निगेटिव्ह, पण कल्चर पॉझिटिव्ह. मिजिट उशिरा, म्हणजे साधारण तिसऱ्या आठवड्यात किंवा नंतर पॉझिटिव्ह. एलजेवर पाचहून कमी कॉलनी. त्याच बॅचमध्ये, आधीच्या दोन-तीन जागांवर, ३ प्लस नमुना. डॉक्टरांच्या मते आजार टीबीसारखा नाही, किंवा दुसरं निदान झालेलं. औषधं न घेताच रुग्ण बरा. एरवी संवेदनशील कल्चर देणाऱ्या रुग्णाच्या एका नळीत अचानक एमडीआर.

इथेच उलटी चूकही होते. मुलं, एचआयव्हीसह जगणारे रुग्ण, फुप्फुसाच्या आवरणातलं पाणी, मेंदूचं पाणी या सगळ्यांत जंतू मुळातच कमी असतात. त्यांची खरी कल्चरंही स्मिअर-निगेटिव्ह असतात आणि उशिराच येतात. अशा नमुन्यांना ‘उशिरा आला म्हणून खोटा’ म्हणणं हे कंटॅमिनेशनपेक्षाही जास्त घातक ठरू शकतं. तपास पूर्ण होईपर्यंत रिपोर्ट रद्द करायचा नाही.

एक बॅच वाचून पाहू

समजा वीस नमुन्यांची बॅच आहे. सहावी नळी : थेट स्मिअर ३ प्लस, मिजिट पाचव्या दिवशी पॉझिटिव्ह. सातवी : स्मिअर निगेटिव्ह, सतराव्या दिवशी पॉझिटिव्ह. आठवी : स्मिअर निगेटिव्ह, एकविसाव्या दिवशी पॉझिटिव्ह. चौदावी : थेट स्मिअर १ प्लस, दहाव्या दिवशी पॉझिटिव्ह. बाकी सगळ्या ४२ दिवस निगेटिव्ह, शेवटचा कंट्रोल साफ.

चौदावी बाजूला ठेवा. बेडका डीकंटॅमिनेशनला जाण्याआधीच स्मिअरमध्ये जंतू दिसले होते आणि वेळही त्या स्मिअरला शोभणारी आहे. सहा-सात-आठ हा मात्र विरत गेलेला माग आहे. सहावी आणि सातवी यांच्यात बारा दिवसांचं अंतर आहे. क्षयाचे जंतू साधारण १८ ते २४ तासांत दुप्पट होतात. २४ तास धरले तर बारा दिवसांत बारा वेळा दुप्पट, म्हणजे ४०९६ पट. सातव्या नळीत सुरुवातीला सहावीच्या सुमारे चार हजारांश जंतू होते, असा अंदाज निघतो. सहावीत दहा लाख असतील तर सातवीत अडीचशे. बाटलीच्या तोंडाला चिकटलेल्या थेंबाला हे प्रमाण बरोबर जुळतं. आठवीत त्याहून कमी, आणि नंतर थेंब संपला. कंट्रोल साफ का राहिला याचं उत्तरही यातच आहे.

हा हिशोब ढोबळ आहे, जंतूंचा लॅग (वाढ सुरू व्हायला लागणारा वेळ) आणि डीकंटॅमिनेशनचा मार दर नळीत वेगळा असतो. तरी आकार ओळखायला तो पुरतो. पॉझिटिव्ह नळ्या विखुरलेल्या असत्या, समजा तिसरी, सातवी, बारावी, एकोणिसावी, आणि सगळ्या १८ ते २२ दिवसांच्या पट्ट्यात, तर दोष बॅचभर वापरलेल्या एखाद्या द्रावणात शोधायचा. मग तोच लॉट वापरलेल्या आदल्या आणि पुढच्या दिवसाच्या बॅचही काढायच्या. एकच एकटी नळी असेल तर एरोसोल, शिंतोडा किंवा लेबल.

आता सातवी आणि आठवीचं काय करायचं? त्यांचा राखलेला पेलेट पुन्हा लावा. मूळ बेडका उरला असेल तर तोही, वेगळ्या दिवशी, बॅचमध्ये सगळ्यांत आधी. नवीन नमुना मागवा. तिन्ही नळ्यांचं डीएसटी किंवा एलपीए (औषध-प्रतिरोधाची जनुकीय पट्टी-चाचणी) शेजारी ठेवून पाहा. सहावी रिफॅम्पिसिनला प्रतिरोधक आणि सातवी संवेदनशील निघाली, तर सातवीचे जंतू सहावीतून आले ही शंका जवळपास संपते. दोन्हींचा प्रतिरोधाचा आकृतिबंध जुळला तर शंका वाढते, पण सिद्ध होत नाही. एलपीएवर डब्ल्यूटी८ ही रेषा गायब आणि एमयूटी३ ही रेषा हजर, ही रिफॅम्पिसिन-प्रतिरोधाची सर्वांत जास्त दिसणारी जोडी आहे. दोन अनोळखी रुग्णांतही ती सहज सापडते.

जनुकीय जुळणी

जंतूंच्या डीएनएचा ठसा पाहायच्या दोन पद्धती आहेत : स्पोलिगोटायपिंग ४३ स्पेसर (डीएनएतले ठरावीक तुकडे) पाहतं, एमआयआरयू-व्हीएनटीआर बहुधा २४ ठिकाणं. स्पोलिगोटाइप वेगळा आला तर कंटॅमिनेशन नाही, असं बरंचसं ठामपणे म्हणता येतं. जुळला तर घाई नको. मुंबईत बीजिंग आणि सीएएस वंशाचे जंतू मोठ्या प्रमाणावर आढळतात, त्यामुळे केवळ स्पोलिगोटाइप जुळणं हा आपल्याकडे कच्चा पुरावा आहे. २४ ठिकाणांची जुळणी बरी, संपूर्ण जीनोम सिक्वेन्सिंग त्याहून बरं. त्यात खऱ्या कंटॅमिनेशनमध्ये फरक शून्य किंवा फार तर एखाद-दुसऱ्या एसएनपीचा (डीएनएतल्या एका अक्षराच्या बदलाचा) असतो.

पण शून्य फरकाचं दुसरंही कारण असू शकतं. नवरा-बायको एकाच दिवशी बेडका देतात, डबे एकत्र येतात, नंबर लागोपाठ पडतात आणि बॅचमध्येही ते शेजारी बसतात. तिथे जंतू जुळणारच, कारण संसर्ग घरातच झालेला आहे. म्हणून निष्कर्षाआधी निक्षयवर (टीबी रुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत) दोघांचा पत्ता पाहा आणि टीयूला फोन करून विचारा. सिक्वेन्सिंगसाठी कल्चर राज्याच्या आयआरएल या संदर्भ प्रयोगशाळेमार्फत पाठवावं लागेल. महाराष्ट्रात पुणे आणि नागपूरला आयआरएल आहेत.

एलपीए, सीबीनॅट, ट्रूनॅट

या चाचण्या जंतूंचा डीएनए शोधतात; जंतू जिवंत असायची गरज नसते, डीएनए उडाला तरी पुरतं. एलपीएमध्ये दोन निगेटिव्ह कंट्रोल ठेवा. एक डीएनए काढण्याच्या पायरीपासून, दुसरा फक्त मास्टर मिक्समध्ये (डीएनएच्या प्रती बनवायच्या मिश्रणात) पाणी घालून. निगेटिव्ह पट्टीवर कॉन्जुगेट कंट्रोल आणि अँप्लिफिकेशन कंट्रोल या दोनच रेषा दिसायला हव्यात. पहिल्यात टीयूबी (क्षयाच्या जंतूंची रेषा) किंवा इतर रेषा आल्या आणि दुसरा साफ असेल तर घोटाळा एक्स्ट्रॅक्शनच्या खोलीत. दोन्हींत आल्या तर मास्टर मिक्स, प्रायमर किंवा पाणी; ते सगळे लॉट टाकून द्या. फक्त शेजारच्या ट्रेच्या खाचेत फिक्या रेषा दिसत असतील तर हायब्रिडायझेशनच्या वेळी द्रव ओसंडलेलं असतं. अँप्लिफिकेशन झालेली ट्यूब, तिथले ग्लोव्ह्ज, एप्रन, पेन, काहीही मास्टर मिक्सच्या खोलीत परत न्यायचं नाही.

पुसण्याबाबत एक गैरसमज फार पसरलेला आहे. फिनॉलने जंतू मरतात, ७० टक्के अल्कोहोलने पृष्ठभाग कोरडा होतो, पण डीएनए दोन्हींनी नष्ट होत नाही. त्यासाठी रोज ताजं केलेलं १ टक्का हायपोक्लोराइट हवं. ते स्टीलला खातं, म्हणून दहा मिनिटांनी अल्कोहोलने पुसून घ्या.

सीबीनॅटचं कार्ट्रिज बंद असतं, त्यामुळे धोका असतो तो बेडका सॅम्पल रिएजंटमध्ये मिसळून कार्ट्रिजमध्ये घालेपर्यंतच. ‘व्हेरी लो’ किंवा अल्ट्रावर ‘ट्रेस’ निकाल अचानक वाढले तर शोध सुरू करा. गोव्यात बनणाऱ्या ट्रूनॅटमध्ये काढलेला डीएनए ६ मायक्रोलिटर पिपेटने घेऊन चिपवर टाकावा लागतो. तिथे फिल्टर टीप आणि प्रत्येक नमुन्याला नवे ग्लोव्ह्ज हाच बचाव. महिन्यातून एकदा ओला स्वॅब टेबल, पिपेट, मॉड्यूलचे दरवाजे आणि फ्रिजच्या हँडलवर फिरवा आणि नमुन्यासारखाच चालवा. पॉझिटिव्ह आला तर सगळं पुसून पुन्हा स्वॅब, आणि साफ येईपर्यंत नमुने बंद.

स्मिअरमध्येही खोटे पॉझिटिव्ह होतात. स्लाइड एकत्र बुडवायच्या स्टेनिंग जार वापरू नका, रॅकवर सुट्या रंगवा. एकाच टिपकागदाने दोन स्लाइड टिपू नका. तेलाचा ड्रॉपर स्लाइडला टेकवू नका. धुवायला नळाचं पाणी नको, कारण पाण्यातले मायकोबॅक्टेरिया झेडएनमध्ये लालच दिसतात.

रिपोर्ट

सबळ संशय आला त्याच दिवशी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आणि डीटीओंना (जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्यांना) फोन करा. सिक्वेन्सिंगची वाट पाहत थांबू नका. फोनवर सांगायचं ते एवढंच : या कल्चरबद्दल शंका आहे, कारण हे, एक्स-रे, लक्षणं आणि बाकीचे नमुने काय सांगतात, नवा नमुना पाठवा. औषधं थांबवायची की नाही हा निर्णय डॉक्टरांचा, लॅबचा नाही. नंतर सुधारित रिपोर्ट लेखी द्या, त्यावर मूळ रिपोर्टचा क्रमांक आणि बदलाचं कारण लिहा, आणि निक्षयवरची नोंदही दुरुस्त झाली का ते स्वतः उघडून पाहा. रुग्ण आधीच दुसऱ्या जिल्ह्यात गेला असेल तर तिथल्या टीयूपर्यंत निरोप पोचल्याची पोच घ्या. जुना पॉझिटिव्ह रिपोर्ट रुग्णाच्या फायलीत कागदावर राहतोच आणि पुढच्या वेळी तोच डॉक्टरांच्या हातात पडतो. म्हणून रुग्णालाही सुधारित रिपोर्टची प्रत द्या आणि जुन्या रिपोर्टवर ‘रद्द’ असं लिहून घ्या.